छपराचा रकाना

माझ्या स्वभावात लहानपणापासून एक खोड आहे. वस्तू तिच्या जागेवर नसली की मला अन्न गोड लागत नाही. वडील रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. डहाणू रोड स्टेशनामागच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो आणि तिथल्या दोन खोल्यांत मी मसाल्यांपासून वडिलांच्या औषधांपर्यंत सगळ्याला खण नेमून दिले होते. "हिच्या सासूचं काही खरं नाही," असं आई म्हणायची. सासू कधी आलीच नाही, तो भाग वेगळा. पण ही खोड मला हिशेबाच्या कामात फार उपयोगी पडली, आणि तिच्याच पायी माझ्या हातून एका बाईचं काम गेलं. ते इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही, म्हणून आता लिहायला बसले आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी डहाणूतल्या एका फुग्यांच्या कारखान्यात हिशेबनीस होते. केरळातून पिंपं भरभरून रबराचा चीक यायचा. तो टिकावा म्हणून त्यात अमोनिया घातलेला असे, आणि त्याचा वास असा की नवा माणूस दारातूनच मागे फिरायचा. चिकात रंग कालवून तो लांबट टाकीत ओतायचा, पाटीवर ओळीने बसवलेले साचे त्यात बुडवून काढायचे, साच्यावर बसलेल्या पातळ थराची कड बोटांनी वळायची, भट्टीत सुकवायचं आणि मग पावडर लावून एकेक फुगा सोलून काढायचा. वळणाऱ्या, सोलणाऱ्या, मोजणाऱ्या सगळ्या बायकाच. कोणी रानशेतच्या बाजूच्या, कोणी तलासरीकडच्या. सकाळच्या एसटीने यायच्या आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायच्या.

शेठ घरात गुजराती बोलत, आमच्याशी मराठी, आणि चिडले की दोन्ही. माणूस वाईट नव्हता. पण बाहेरदेशचे स्वस्त फुगे बाजारात यायला लागले होते, आणि आमच्या तालुक्यात नव्या कारखान्यांवर निर्बंध आल्यामुळे पसारा वाढवून भागणार नव्हतं. एके दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "बेन, आपला कुठला फुगा आपल्याला खातो, ते काढून देता येईल?"

मला विचारायचाच अवकाश होता. मी तेव्हा पोस्टाने कॉस्टिंगचा अभ्यासक्रम करत होते आणि नुकत्याच आलेल्या पुस्तिकेत अगदी हेच नवं प्रकरण होतं. तोवर आम्ही काय करत होतो? चीक आणि मजुरी बाजूला काढायची, उरलेला सगळा खर्च एका गाठोड्यात बांधायचा आणि जेवढे ग्रोस, म्हणजे बारा-बारा डझनांचे गठ्ठे, फुगे निघाले तेवढ्यांनी भागायचं. मग एकाच लाल रंगाची हजार ग्रोसची ऑर्डर असो, की सहा रंगांत वीस-वीस ग्रोसची, दर ग्रोसच्या डोक्यावर बोजा सारखाच. पुस्तिका म्हणत होती की हे चुकीचं आहे. खर्च हा वस्तूने होत नाही, कामाने होतो. आणि प्रत्येक काम वेगळ्या पायरीवर उभं असतं.

मला ते लगेच पटलं, कारण माझ्या आत्याची घोलवडला चिकूची वाडी होती आणि मी तिथे सुट्टीत राबलेली होते. फळ उतरवायचा खर्च फळागणिक वाढतो. पण स्टेशनापर्यंत बैलगाडी न्यायची तर खोके दहा असोत की चाळीस, खेपेचं भाडं तेवढंच. वाडीत चिकूबरोबर लिचीही लावली तर तिची कलमं, तिची निगा हा त्या जातीसाठीचा खर्च, मग लिची एक टोपली निघो की शंभर. आणि वाडीचं कुंपण, राखणदार, विहिरीचा पंप? ते वाडी आहे म्हणून आहेत. त्या वर्षी एक फळ धरलं नाही तरी राखणदाराला पगार द्यावा लागतोच.

मी शेठना चार रकाने आखून दाखवले आणि त्यांना आमची नावं दिली. नगाचा रकाना, म्हणजे एकेक फुग्यासाठी होणारं काम. घाण्याचा रकाना, म्हणजे दर वेळी नवा रंग लावताना, नवा घाणा काढताना होणारं काम. वाणाचा रकाना, म्हणजे गोल, लांब, बाहुलीचा अशा एकेका प्रकारासाठीचे साचे आणि त्यांची डागडुजी. आणि शेवटी छपराचा रकाना: वॉचमन, दिवाबत्ती, झाडलोट, जे छप्पर उभं आहे म्हणून होतं. शेठना नावं आवडली. म्हणाले, बारा दिवस आत बसा आणि प्रत्येक काम मोजा.

सुपरवायझरने आदल्या दिवशी सगळ्या बायकांना सांगून ठेवलं की उद्यापासून ऑफिसातल्या बाई तुमचं काम बघायला येणार आहेत. मी नऊला हजर. मनगटावर घड्याळ, मांडीवर पुठ्ठा, कानामागे पेन्सिल. माझा थाट असा की जणू कारखाना मीच काढला होता. कोण किती मिनिटांत किती कडा वळते, पाटी भट्टीत किती वेळ राहते, साचा फुटला तर बदलायला किती वेळ जातो, हे मी डोळ्यात तेल घालून टिपत होते.

टाकीपाशी एक बाई बसायची. पन्नाशी ओलांडलेली, रानशेतच्या एका पाड्यावरची, कारखाना सुरू झाल्यापासूनची. अंगाने काटकुळी, डावा डोळा कायम पाणावलेला. ती शेठलाही 'तू' म्हणायची, मलाही. त्यांच्या बोलीत अहोजाहो नाहीच. उपड्या डब्यावर बसून हातातल्या काठीने ती चिकावरचा फेस हळूच एका बाजूला घ्यायची, थोडा वेळ नुसती बघत राहायची आणि म्हणायची, "आता टाका." कधी म्हणायची, "थांबा." बस. दिवसभर एवढंच.

मी येई तेव्हा टाकीत पांढरा चीक तयार असे. त्याचे फुगे निघाले की त्यातच पिवळा रंग कालवायचा, मग नारिंगी, मग लाल. साडेबाराला मी जेवायला घरी जाई, क्वार्टर दहा मिनिटांवर तर होतं. परत येई तेव्हा टाकीत आकाशी रंग असे, मग गडद निळा, मग जांभळा. टाकी धुताना मी बारा दिवसांत एकदाही पाहिली नाही. सुपरवायझरला विचारलं, टाकी धुतात कधी? तोही माझ्यासारखाच नऊला येणारा आणि दुपारी जेवायला जाणारा, आणि एरवीही टाकीच्या वासापासून चार हात लांब राहणारा. त्याने हात उडवला. "होते की सकाळच्या साफसफाईत."

साफसफाई म्हणजे झाडलोट, आणि झाडलोट म्हणजे छप्पर. मी टाकीचं धुणं चौथ्या रकान्यात टाकलं. मग उरली ती बाई. फुगा ती वळत नव्हती, सोलत नव्हती. रंग बदलताना तिची एक मिनिटाचीही नोंद माझ्याकडे नव्हती. मी तिच्या कामापुढे 'देखरेख' लिहिलं आणि पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्ह दोन दिवस माझ्या डोळ्यांत खुपत होतं. सगळा तक्ता भरलेला आणि मध्येच हे आकडीसारखं काहीतरी. तिसऱ्या दिवशी मी ते खोडरबराने पुसलं आणि तिचा पगार पूर्ण चौथ्या रकान्यात लिहून टाकला. खरं तर उठून टाकीपाशी जाऊन तिला विचारायचं होतं. वीस पावलं होती.

तक्ता शेठपुढे ठेवला तेव्हा ते खूश झाले. सहा रंगांच्या छोट्या ऑर्डरी आपल्याला खातात, हे त्यात स्वच्छ दिसत होतं. एवढ्याशा मालासाठी पुन्हापुन्हा रंग कालवायचा, फेस बसेपर्यंत पाट्या रिकाम्या थांबवायच्या. नेमकं सर्वांत मोठं काम, धुणं, त्यात नव्हतं, तरीसुद्धा एवढं दिसत होतं. त्यांनी तिथल्या तिथे त्या मालाचा भाव वाढवायचं ठरवलं. मग त्यांचं बोट चौथ्या रकान्यावर गेलं.

"आ बधुं, हे सगळं, कुठल्याच फुग्यावर चढत नाही?"

"नाही शेठ. ते फुगे कमी निघाले तरी तेवढंच राहतं."

"मग ते माझ्या डोक्यावर चढतं." ते हसले आणि एकेक ओळ वाचू लागले. वॉचमन हवा. दिवाबत्ती हवी. "ही टाकीवाली काय करते?"

"देखरेख."

"देखरेखीला सुपरवायझर आहे ने?"

"आहे," मी म्हणाले.

एवढंच मी बोलले. त्या आठवड्याच्या पगाराच्या दिवशी तिला कामावरून कमी केलं. तिच्या देण्याचे पैसे माझ्याच टेबलावरून दिले गेले. तिने अंगठा उठवला, पैसे पदराच्या टोकाला बांधले आणि माझ्याकडे बघून, "येते हां, बाय," म्हणाली. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण तक्ता जमल्याचं समाधान त्या वाईट वाटण्यापेक्षा मोठं होतं, हे मी लपवणार नाही.

टाकीचं काम तलासरीकडच्या दोन बायकांना सोलायच्या कामावरून उठवून दिलं. पहिल्या आठवड्यात निळ्या फुग्यांवर लाल ठिपके आले. दुसऱ्या आठवड्यात फुगे फुगवता फुगवता फुटायला लागले, कारण चिकातल्या बुडबुड्यांनी त्यांना टाचणीएवढी भोकं पडत होती. पाट्या तासन् तास रिकाम्या. सुपरवायझर त्या दोघींवर ओरडे, शेठ सुपरवायझरवर. शेवटी काय चाललंय ते बघायला मी आत गेले, तेव्हा अकरा वाजले होते आणि टाकी धुणं चाललं होतं.

मी ते पहिल्यांदा पाहिलं. आधीचा चीक बादल्यांनी उपसून पिंपात भरायचा. टाकीच्या कडांना वाळून चिकटलेली साय नखांनी, पत्र्याच्या तुकड्याने सोलून काढायची, तिचा एक कण राहिला तरी पुढचा रंग बाटतो. मग पाणी मारायचं, पुसायचं, नवा चीक गाळून ओतायचा. ओतताना अमोनियाचा जो भपका उठला त्याने माझे डोळे असे झोंबले की मला भिंत धरावी लागली. पाऊण तास लागला. आणि हे आता दिवसातून पाच वेळा चालत होतं, कारण त्या दोघी ऑर्डरच्या कागदावर जसे रंग लिहिलेले असत त्याच क्रमाने घेत होत्या. लालानंतर पांढरा, पांढऱ्यानंतर निळा.

डोळे पुसत मी त्यांतल्या एकीला विचारलं, "आधी हे कधी व्हायचं?"

"तू यायच्या अगोदर. न् तू जेवाया गेली का."

"रोजच?"

"नाय. आधी कामातच धुवायची. तू बसाया लागलीस तवापासून तिनं तसं केलं. ती न् तिच्या पाड्यावरच्या दोघी लवकर यायच्या."

मी ऑफिसात येऊन तक्ता समोर घेतला. मला वाचायचीही गरज नव्हती. पुस्तिकेतलं वाक्य मला तोंडपाठ होतं: यंत्राची मांडणी, मालाचा बदल, बदलापूर्वीची स्वच्छता या सगळ्या घाण्याच्या पायरीवरच्या क्रिया. परीक्षेत आलं असतं तर मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले असते. ती बाई छप्पर नव्हती. रंगांचा क्रम मनाशी लावून पाच धुणी दोनांवर आणणारी आमच्या कारखान्यात ती एकटीच होती, आणि मी तिला वॉचमनच्या शेजारी नेऊन बसवलं होतं.

मी शेठना जाऊन सांगितलं की चूक माझी आहे. ते रागावतील असं वाटलं होतं. ते नुसते खुर्चीत मागे रेलले. "बोलवा तिला परत. पण टाकीवर दोघीच. हल्ली सोलायलाही माणसं जास्त झालीत, तिकडे परत घेणार नाही. त्या दोघींतली एक कमी करा."

रविवारी मी जव्हारकडे जाणाऱ्या एसटीत बसले आणि रानशेतला उतरले. पाड्यापर्यंत अर्धा तास चालत गेले. गवतकापणीचे दिवस होते. ती शेताच्या बांधावर गवताचे भारे बांधत बसलेली सापडली, व्यापाऱ्यासाठी, रोजावर. मला बघून तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. घरी नेलं, खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः उंबऱ्यावर टेकली.

"मावशी, मी असताना तुम्ही टाकी का धुतली नाही?"

"तू माझ्या घरी यायची असशील तं मी आंगण आधी झाडीन का तू आल्यावर तुझ्या अंगावर धूळ उडवीन?"

"पण मी तेच बघायला आले होते."

"त्यात काय बघायचं? घाणीचं काम ते. न् तो वास. माझा डोळा बघ कसा झालाय. मना सवय हाय. तुझे डोळे लिवायचे."

पहिली एसटी तर शिफ्टच्या वेळेलाच पोचायची. मग इतक्या लवकर येत कशा होता, असं विचारलं. गवताचा ट्रक जायचा पहाटे, त्यावर बसून, ती म्हणाली. थंडीच्या दिवसांत, बारा दिवस, गवताच्या भाऱ्यांवर बसून ही बाई माझ्यासाठी येत होती. त्या जादा तासाचा पगार तिला कोणी दिला नव्हता. तो कुठल्या रकान्यात जायला हवा होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग मी तिला सांगून टाकलं. तुम्हाला काढायचं शेठच्या मनात नव्हतं. मी कागदावर लिहिलं की तुम्ही नुसत्या बसून असता, म्हणून तुमचं काम गेलं.

तिने पाणावलेला डोळा पदराने टिपला. तो रोजच टिपायची, त्यामुळे मला काही कळेना. मग म्हणाली, "बसलेलीच तं होती मी, तू बघितलंस तवा. तू खोटं तं नाय लिवलंस."

तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी घाईघाईने म्हणाले की शेठनी परत बोलावलंय, उद्यापासून या. तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, ते मी पाहिलं. ती उठून उभीसुद्धा राहिली. मग विचारलं, "न् त्या दोघी?"

"टाकीवर दोघीच राहतील. त्यांच्यातली एक..."

"जाईल?"

मी मान हलवली.

ती पुन्हा उंबऱ्यावर बसली. समोर अंगणात तिची सून भाताचा पेंढा रचत होती. तिच्याकडे बघत ती म्हणाली, "त्यांनी माझं काय वाकडं केलंय?"

"मावशी, तुमचं काम तुमचंच होतं."

"होतं." ती म्हणाली. "नाय येत मी. त्यांचीबी पोरंबाळं हायत. लिव तू. आणलास का कागद?"

पिशवीत माझा पुठ्ठा होताच. तिने एकेक सांगितलं आणि मी लिहून घेतलं. सकाळी पांढरा, त्यातच पिवळा, मग नारिंगी, मग लाल. मग धुवायचं. मग आकाशी, निळा, जांभळा. धुतल्यावर कडांवरून कोरडं बोट फिरवून बघायचं. फेस बसल्याबिगर पाटी बुडवायची नाही, कोणी किती ओरडलं तरी. थंडीत फेस बसायला जास्त वेळ लागतो, तेव्हा घाई करायची नाही. मी मधे थांबले की ती विचारायची, "लिवलंस?" आणि मी लिहिलं म्हटल्यावरच पुढचं सांगायची. शेवटी तिने कागद हातात घेऊन बघितला. तिला वाचता येत नव्हतं. तरी नीट वरपासून खालपर्यंत बघितला आणि परत दिला.

एसटी येईपर्यंत ती रस्त्यावर माझ्याबरोबर उभी राहिली. मी गाडीत चढल्यावर रडले. कंडक्टरने तिकीट दोनदा मागितलं.

सोमवारी तो कागद मी टाकीजवळच्या भिंतीवर चिकटवला आणि त्या दोघींना वाचून दाखवला. पंधरा दिवसांत दोघी तयार झाल्या. धुणं दिवसातून दोन वेळांवर आलं, ठिपके गेले, भोकं गेली. मी तक्ता नव्याने केला. टाकीचं धुणं, फेस बसण्याची वाट, रंगांचा क्रम, सगळं घाण्याच्या रकान्यात, जिथे ते पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं. त्या वेळी आमच्या गावात तरी एवढा अचूक तक्ता दुसऱ्या कोणाकडे नसेल.

शेठनी तो बराच वेळ वाचला. काम पूर्वीइतकंच चोख होत होतं आणि एका माणसाचा पगार कायमचा वाचला होता. पुढच्या दिवाळीला त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, मिठाईचा पुडा दिला आणि या बचतीसाठी म्हणून माझ्या पगारात वाढ केली.

मी ती घेतली.